एकच काम करणारे यंत्र

कर्जतहून सुटणारी सकाळची लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचायला दोन तासांच्या आसपास घेते. अंतर सुमारे १०० किलोमीटर. खोपोलीकराचा प्रवास त्याहून लांबचा. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी मागे टाकून तो कर्जतला येतो, तेव्हा कर्जतकर नुकता फलाटावर आलेला असतो. जाऊन-येऊन चार तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे शंभर तास. तीनशे पानांची मराठी कादंबरी रमतगमत वाचली तरी दहाएक तासांत होते. परतीची गर्दी, डुलकी, गप्पा, भजनी मंडळ यांना यातला निम्म्याहून जास्त वेळ देऊन टाकला, तरी महिन्याला चार पुस्तकांपुरता वेळ शिल्लक राहतो. शिवाय कर्जतकराला एक गोष्ट मिळते जी याच गाडीत अंबरनाथ-बदलापूरला चढणाऱ्या प्रवाशाला मिळत नाही. गाडी कर्जतहूनच सुटते, त्यामुळे सकाळी त्याला बसायला जागा असते.

या जागेवर बसणारा माणूस पूर्वी वर्तमानपत्र वाचायचा, वाचनालयातून आणलेली कादंबरी वाचायचा. आता त्याच्या हातात मोबाइल असतो. वाचन सुटल्याची रुखरुख मात्र पुष्कळांना असते, आणि थोडे पैसे हाताशी आले की प्रश्न येतो : किंडल घेऊ की टॅब? दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते. टॅब घ्या, त्यात पुस्तके वाचता येतातच, वर बाकीचे सगळेही होते. हे उत्तर मला चुकीचे वाटते, आणि ते का चुकीचे वाटते हे मला नीट मांडायचे आहे. मांडताना हेही कबूल करावे लागेल की मराठी वाचकाच्या बाबतीत दुकानदाराचे म्हणणे आज व्यवहारात पुष्कळदा खरे ठरते. तसे ते ठरते याला ना यंत्र जबाबदार आहे ना वाचक. मराठी पुस्तके आपण ज्या रूपात साठवून ठेवली, ते रूप जबाबदार आहे. ते बदलणे आपल्या हातात आहे, म्हणून या विषयावर लिहायचे.

आधी यंत्राविषयी. किंडल किंवा तत्सम ई-रीडरचा पडदा टॅबच्या पडद्यासारखा उजळत नाही. त्यामागचे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जन्मले आणि १९९७ मध्ये त्यासाठी ई-इंक नावाची कंपनी निघाली. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात पांढरे व काळे कण, एकमेकांच्या विरुद्ध विद्युतभाराचे. खालून विजेचा इशारा आला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे तळाला जातात. एकदा कण जागेवर बसले की ते तिथेच राहतात. पान दिसत राहण्यासाठी वीज लागत नाही, फक्त पान उलटताना लागते. म्हणून ही यंत्रे एका चार्जिंगवर काही आठवडे चालतात. पडदा बाहेरचा उजेड परावर्तित करतो, त्यामुळे खिडकीतून ऊन आले की टॅबवरचे अक्षर पुसट होते आणि ई-रीडरवरचे अधिक ठसठशीत. अंधारासाठी कडेला बारीक दिवे असतात, पण त्यांचा झोत पानावर पडतो, डोळ्यांवर येत नाही.

या पडद्याचे दोष सगळ्यांना माहीत आहेत. तो मंद आहे. पान बदलताना क्षणभर काळा होतो. त्यावर चित्रपट पाहणे अशक्य, खेळ खेळणे अशक्य, आणि बहुतेक यंत्रांवर रंगही नाहीत. मी या दोषांना त्याचे सर्वांत मोठे गुण मानतो. टॅबवर पुस्तक उघडलेले असते तेव्हा त्याच काचेमागे ऑफिसचा ग्रुप असतो, सोसायटीचा ग्रुप असतो, सामन्याचा स्कोअर असतो, बँकेचा संदेश असतो. यातले काहीही न उघडण्यासाठी वाचकाला सतत थोडी ताकद खर्चावी लागते. लोक म्हणतात, नोटिफिकेशन बंद करा, संयम ठेवा. सकाळी साडेचारला उठून, डबा घेऊन, स्टेशन गाठलेल्या माणसाकडे संयमाचा साठा किती असणार? त्याच्या इच्छाशक्तीवर आणखी एक ओझे टाकण्यापेक्षा, जिथे मोहच नाही असे यंत्र त्याच्या हातात देणे शहाणपणाचे. लांब गद्य वाचण्यासाठी मनाला आत जायला वेळ लागतो. पहिली दहा मिनिटे माणूस फक्त ओळी ओलांडत असतो, गोष्ट त्यानंतर कधीतरी सुरू होते. दर पाच मिनिटांनी बाहेर यावे लागले तर ती सुरूच होत नाही.

या विषयावर संशोधन झाले आहे, आणि त्याचा आधार घेताना ते जेवढे सांगते तेवढेच घ्यायला हवे. २०१८ मध्ये स्पेन आणि इस्रायलमधल्या अभ्यासकांनी आधीच्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्या अभ्यासांत मिळून एक लाख सत्तर हजारांवर वाचक होते. निष्कर्ष असा की कागदावर वाचलेले पडद्यावर वाचलेल्यापेक्षा अधिक समजते, विशेषतः मजकूर माहितीपर असेल आणि वेळ मोजून दिलेला असेल तेव्हा. फक्त कथात्म मजकूर असेल तर असा फरक आढळला नाही. म्हणजे लोकलमध्ये कादंबरी वाचणाऱ्याचे पडद्यामुळे फार बिघडत नाही, पण परीक्षेसाठी विज्ञानाचा धडा वाचणाऱ्या मुलाचे बिघडू शकते. हा मुद्दा पुढे शाळांकडे वळताना लागणार आहे. झोपेवरचा एक प्रयोगही बराच गाजला. हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी १२ जणांना झोपण्यापूर्वी काही रात्री आयपॅडवर आणि काही रात्री छापील पुस्तक वाचायला दिले. आयपॅडच्या रात्री झोप लागायला वेळ लागला, आणि झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन शरीरात उशिरा वाढले. बारा माणसे म्हणजे थोडीच, आणि त्या प्रयोगात ई-इंकचा पडदा तपासलेलाच नव्हता. तरी रात्री साडेनऊला घरी पोचून पहाटे उठणाऱ्या माणसाने अंथरुणात कोणता पडदा उघडावा, याचा काही अंदाज त्यातून बांधता येतो.

आता टॅबची बाजू, आणि ती कमकुवत नाही. घरात एकच यंत्र येणार असेल आणि घरात दहावी-बारावीचे मूल असेल, तर टॅब घ्यावा, यात मला शंका नाही. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, आणि त्यांचे मोठे, रंगीत पान सहा इंचांच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मावत नाही. दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ, सराव परीक्षा, सीईटीची तयारी हे सगळे टॅबवरच होते. महाज्योती संस्था इतर मागासवर्गातल्या विद्यार्थ्यांना सीईटी, जेईई, नीटच्या तयारीसाठी टॅब देते, त्यामागे हेच आहे, आणि ते योग्य आहे. नजर अधू झालेल्या माणसाला टॅब मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवू शकतो. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मराठी विश्वकोश महाजालावर आहे. जुन्या कादंबरीत अडलेल्या शब्दासाठी एवढा खजिना एका बोटावर असणे ही लहान गोष्ट नाही, आणि ई-रीडरच्या संथ ब्राउझरवर हे सुख मिळत नाही.

पण टॅबची खरी ताकद वेगळ्याच ठिकाणी आहे. मराठी पुस्तके जिथे आहेत तिथे टॅब पोचतो, ई-रीडर पोचत नाही.

ॲमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके २०१६ च्या डिसेंबरमध्ये आणली. मेहता पब्लिशिंगसारख्या काही प्रकाशकांनी त्या संधीचा चांगला उपयोग केला. तरी मराठीतला फार मोठा संग्रह तिथे नाही. बुकगंगावर घेतलेली ई-पुस्तके त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, म्हणजे फोनवर, टॅबवर किंवा संगणकावर. ई-साहित्य प्रतिष्ठानने शेकडो पुस्तके विनामूल्य दिली, ती मुख्यतः पीडीएफमध्ये. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली दुर्मिळ झालेली पुस्तके संकेतस्थळावर ठेवली, हे मंडळाचे मोठे काम, आणि तीही मुख्यतः पीडीएफमध्ये. इंटरनेट अर्काइव्हवर एकोणिसाव्या शतकापासूनची मराठी पुस्तके स्कॅन करून ठेवलेली आहेत. तिथे तर पानाचा फोटोच असतो.

पीडीएफ म्हणजे ठरलेल्या आकाराचे, गोठवलेले पान. अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, मग प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवायचे. दहा इंचांच्या टॅबवर अख्खे पान मावते, म्हणून चालून जाते. सहा-सात इंचांच्या ई-रीडरवर ते छळ होऊन बसते, आणि पडदा मंद असल्यामुळे सरकवणे आणखी नकोसे होते. याउलट ईपब नावाच्या स्वरूपात मजकूर वाहता असतो. अक्षर वाढवले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. चाळिशी लागलेल्या प्रवाशाला हलत्या गाडीत अक्षर मोठे हवे असते, आणि ई-रीडर घेण्याचे ते एक मोठे कारण. नेमके तेच मराठीच्या बहुसंख्य मोफत पुस्तकांत मिळत नाही.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. नव्वदच्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली तेव्हा युनिकोड रुळलेले नव्हते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवून काम भागवले गेले. डीटीपी करणाऱ्यांनी त्यावर उत्तम पुस्तके केली, त्यांना दोष देता येणार नाही. पण त्या फाइलींतला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नाहीच. विशिष्ट फॉन्ट काढून घेतला की उरतात निरर्थक रोमन चिन्हे. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरे यांत चुका राहतात, म्हणून पुन्हा मुद्रितशोधन आले. हजारभर प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाला वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकावर तेवढा खर्च करणे परवडत नाही. त्याआधीच्या, खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकांची तर फाइलच नाही. शेवटी सोपा मार्ग निघतो : पान स्कॅन करा, पीडीएफ करा, चढवा. पुस्तक जगले, पण वाहते झाले नाही.

माझी तक्रार खासगी प्रकाशकांबद्दल कमी आणि सार्वजनिक पैशातून निघणाऱ्या पुस्तकांबद्दल जास्त आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला, सभा झाल्या. त्या दर्जाला साजेसे एक साधे, कंटाळवाणे, पण अतिशय गरजेचे काम अजून पडून आहे. शासनाच्या प्रत्येक संस्थेने यापुढे निघणारे प्रत्येक पुस्तक पीडीएफसोबत ईपबमध्येही द्यावे आणि मागची पुस्तके क्रमाने युनिकोडमध्ये आणावीत. एकदा हे झाले की किंडल की टॅब हा प्रश्नच बराच निवळतो, कारण ईपब दोन्हीकडे चालते. २०२२ पासून किंडलनेही ईपब फाइल पाठवण्याची सोय दिली आहे.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी भारतात कॉपीराइट संपतो. हरिभाऊ आपटे आणि गडकरी १९१९ मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये, मर्ढेकर १९५६ मध्ये. त्यांनी आपल्या हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन आज सर्वांचे आहे. मराठी विकिस्रोतावर असे लेखन स्कॅनवरून टंकून, तपासून ठेवता येते आणि तिथून ते ईपब म्हणून उतरवता येते. अक्षर ओळखणारी संगणकीय साधने आता मराठीसाठीही बरी चालतात. लागतात ती चुका पकडणारी माणसे. कर्जत आणि खोपोलीच्या महाविद्यालयांतल्या मराठी विषयाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून एकेक जुने पुस्तक हाती घेतले, तर त्यांना मुद्रितशोधनासारखी कमाईची विद्या मिळेल आणि भाषेला एक पुस्तक मिळेल. मराठीच्या पदवीधराला काय काम मिळणार असे विचारणाऱ्यांना या कामाकडे बोट दाखवता यावे, अशी माझी इच्छा आहे.

शाळांकडे वळतो. स्वस्त यंत्र देऊन मुलांना शिकवण्याचे मोठे स्वप्न कर्जत-खोपोलीच्या या रायगड जिल्ह्याने फार लवकर पाहिले. अमेरिकेतल्या निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये दर मुलामागे एक लॅपटॉप ही कल्पना जगापुढे ठेवली. केंद्र सरकारने २००६ मध्ये ती नाकारली. तरीही भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये झाला तो रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावी, मूठभर मुलांच्या एकशिक्षकी शाळेत. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपची गोष्ट मला आज या विषयासाठी फार महत्त्वाची वाटते. मेरी लू जेप्सन यांनी त्याचा पडदा असा घडवला होता की खोलीत तो रंगीत आणि उजळ दिसे, आणि उन्हात नेला की पाठीमागचा दिवा बंद करून काळ्या-पांढऱ्यात, कागदासारखा वाचता येई. पडदा फिरवून मिटला की लॅपटॉपचे वाचनयंत्र होई. म्हणजे आज आपण ज्या दोन यंत्रांत निवड करतो आहोत, ती दोन्ही एकात बसवून एका छोट्या गावातल्या मुलांच्या हाती आली होती.

त्या वाचनयंत्रात वाचायला मराठीत काय होते? फारच थोडे. आयपॅड यायला अजून तीन वर्षे होती. बालसाहित्य मराठीत मुक्तपणे उतरवून घ्यावे अशी ठिकाणे फारशी नव्हती. प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर २०१५ मध्ये आले, त्यावर आज मराठी गोष्टी मोफत आहेत, आणि त्या उतरवून घेता येतात. पडद्याचा प्रश्न २००७ मध्ये बऱ्याच अंशी सुटला होता, पुस्तकांचा प्रश्न हातीच घेतलेला नव्हता. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी आकाश टॅबलेटचे अनावरण केले, सरकारी किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. सात इंचांचा, जोर देऊन दाबावा लागणारा पडदा, दोन-तीन तासांत संपणारी बॅटरी. तेव्हाची सगळी चर्चा किमतीवर आणि मेगाहर्ट्झवर झाली. मुलाने त्यावर मराठीत काय वाचायचे हा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला.

म्हणून कर्जत-खालापूरच्या आश्रमशाळांत किंवा वाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत टॅब वाटले गेले की मला आनंदासोबत काळजीही वाटते. टॅब मिळाला म्हणजे वाचनाची सोय झाली असे धरून ग्रंथालयाचा खर्च कमी केला जाण्याची भीती खरी आहे. आधी सांगितलेला आढावा आठवा : माहितीपर मजकूर, मोजलेला वेळ, पडदा, आणि समज कमी. पाठ्यपुस्तक म्हणजे नेमके हेच. दहा वर्षांखालच्या मुलाला तर मी ई-रीडरही देणार नाही. त्याला रंगीत चित्रांचे कागदी पुस्तक हवे, जे पाच मुले एकत्र डोके घालून बघू शकतात, ज्यावर बोट ठेवून शब्द दाखवता येतो, आणि जे फाटले तर चिकटवता येते.

एका मुलाबाबत मात्र ई-रीडरचा विचार करावासा वाटतो. इथल्या कातकरी कुटुंबांपैकी बरीच दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सोबत मुले जातात. शाळा सुटते, आणि जे वाचायला आलेले असते तेही विसरले जाते. झोपडीत प्लग नसतो. अशा घरातल्या सातवी-आठवीच्या, वाचता येणाऱ्या मुलाबरोबर टॅब पाठवला तर तो दुसऱ्या दिवशी बंद पडेल. किंवा, चार्जिंगची सोय झाली तर, गाण्यांसाठी मोठ्या माणसांच्या हाती जाईल, आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही, दिवसभर राबलेल्या माणसाला करमणूक हवीच. ई-रीडर आठवडाभर सहज तग धरतो, आठवडी बाजाराच्या दिवशी कुठेतरी चार्ज करून आणता येतो, आणि त्यावर गोष्टींखेरीज काही नसल्यामुळे तो मुलाकडेच राहतो. खोपोलीच्या वीजकेंद्राने १९१५ पासून आणि भिवपुरीच्या केंद्राने १९२२ पासून मुंबईला वीज पुरवली. या डोंगरातल्या पाण्याने शंभर वर्षे दूरचे शहर उजळले. त्याच डोंगरातल्या मुलाला चार्जिंगची फिकीर न करता वाचता यावे, एवढे तरी आपण बघू शकतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे : यंत्रे मोडतात. वर्ल्डरीडर संस्थेने २०१० मध्ये घानातल्या शाळांत किंडल दिली तेव्हा मोडतोडीचे प्रमाण इतके मोठे होते की पहिल्याच प्रयोगात तो मुख्य प्रश्न ठरला. ई-इंकच्या पडद्यामागे पातळ काच असते, दप्तरात दाब आला की ती तडकते. जाड आवरण, आणि मोडले तर मुलाकडून भरपाई मागायची नाही असा स्पष्ट नियम, या दोन गोष्टींशिवाय असा प्रयोग करू नये. भरपाईच्या भीतीने यंत्र पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद राहते.

आता पैशांचे बोलू. २०१९ मध्ये साधे किंडल ७,९९९ रुपयांना मिळत होते. २०२५ मध्ये भारतात आलेल्या नव्या पेपरव्हाइटची किंमत १६,९९९. बरा टॅब दहा-बारा हजारांत येतो. एकच काम करणारे यंत्र सगळी कामे करणाऱ्यापेक्षा महाग, हे खोपोलीतल्या किंवा रसायनीतल्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला कसे पटावे? पटू नयेच. शिवाय तो जे विकत घेतो ते त्याचे होते का, हाही प्रश्न आहे. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून ग्राहकांनी विकत घेतलेली ऑर्वेलची पुस्तके त्यांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतली, पुढे माफी मागितली. २०२५ च्या फेब्रुवारीत खरेदी केलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकण्याची सोयही बंद झाली. कागदी पुस्तक मी शेजाऱ्याला देतो, मुलीला देतो, वाचनालयाला देणगी देतो. ई-पुस्तकात वाचण्याचा परवाना मिळतो, मालकी मिळत नाही. म्हणून ई-रीडर घेणाऱ्यानेही आवडते पुस्तक कागदावर घ्यावे असे मी म्हणेन. मात्र कर्जतच्या पावसात कागदाचे काय होते तेही ठाऊक असावे. जून ते सप्टेंबर कपाटात ओल शिरते, पानांवर बुरशी धरते. आणि २०१८ पासूनचे पेपरव्हाइट पाण्यात पडले तरी टिकते.

हा सगळा विचार मला एका ठिकाणी आणून सोडतो : ई-रीडर एकेकट्याने घेण्याऐवजी वाचनालयाने घ्यावा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अ, ब, क, ड वर्गांची मान्यताप्राप्त ग्रंथालये गावोगाव आहेत, त्यांना अनुदान आहे, ग्रंथखरेदीचे नियम आहेत. त्या नियमांत वाचनयंत्राला जागा करावी. मध्य रेल्वेने २०१८ मध्ये डेक्कन क्वीन आणि पंचवटीत राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीने फिरते वाचनालय सुरू केले होते. रेल्वे आणि मराठी वाचन यांची सांगड घालायची कल्पना शासनाला नवीन नाही. मात्र कर्जतची खरी वर्दळ लोकलची आहे.

पाच यंत्रांपासून सुरुवात करता येईल. त्यांत फक्त कॉपीराइट संपलेली, विकिस्रोतावर तपासलेली आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाने ईपबमध्ये द्यावीत अशी पुस्तके भरायची, म्हणजे परवान्याची अडचण येत नाही. दोन यंत्रे खोपोली-कर्जतच्या पासधारक सभासदांना महिन्याच्या मुदतीने, नेहमीच्या अनामत रकमेवर. एक ज्येष्ठांसाठी, अक्षर आधीच मोठे करून ठेवलेले. उरलेली दोन दिवाळीनंतर स्थलांतराला निघणाऱ्या मुलांसाठी, त्यांच्या शिक्षकांमार्फत, अनामत न घेता. पावसाळा सुरू होताना पाचही परत मागवायची आणि प्रत्येकावर कोणते पुस्तक किती टक्क्यांपर्यंत वाचले गेले ते बघायचे. यंत्र ते आपोआप नोंदवून ठेवते. वाचक सोडून गेला ती पुस्तके कोणती, हे त्या नोंदीतून पहिल्यांदाच कळेल, आणि पुढच्या वर्षीची यादी त्यावरून ठरवता येईल.